गाडी चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही?

वैशाखातली सकाळ. लग्न पारोळ्याला, मुहूर्त अकरा पस्तीसचा, आणि चोपड्यात आमच्या गल्लीत 1998 सालची मारुती 800 दाराशी उभी. मागच्या सीटवर तीन बायका, एकीच्या मांडीवर पोर, पायाशी आहेराच्या पिशव्या. चावी फिरवली की पुढून एक ‘टक्’, आणि मग काहीच नाही. पाच मिनिटांत गाडीभोवती सात माणसं. एक म्हणाला, ‘‘बॅटरी गयी व्हई.’’ दुसऱ्याच्या मते सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटार, जाम. तिसरा तर बॉनेट उघडायच्या आधीपासून सांगत होता की पेट्रोल चढत नाही.

बॅटरी दोनच महिन्यांपूर्वी नवी टाकलेली. त्याच्याही आधी सेल्फ खोलून कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) बदललेले. म्हणजे ज्यावर पैसे घालायचे त्यावर घालून झाले होते आणि गाडी जागची हलली नव्हती.

माझा धंदा मोटार वाइंडिंगचा. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. गाड्यांचा मी मेकॅनिक नव्हे, पण हातात मीटर धरायची सवय आहे आणि जुन्या गाडीची बरीच दुखणी विजेचीच असतात. त्या दिवशी काय सापडलं ते पुढे सांगतो. आधी ते शोधायचं कसं, ते.

आधी कान, मग पाना

‘चालू होत नाही’ या एका तक्रारीत दोन अगदी वेगळी दुखणी लपलेली असतात. एक, इंजिन फिरतच नाही. दोन, इंजिन खळाखळा फिरतं, पण पकडत नाही. पहिल्यात पेट्रोल, ठिणगी पाडणारा प्लग, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर यांचा काडीचा संबंध नाही. इंजिन हललंच नाही तर पेट्रोल ओढणार कोण? दुसऱ्यात बॅटरी आणि सेल्फ जवळजवळ निर्दोष सुटतात. आमच्या गल्लीतला तिसरा माणूस इथेच बाद झाला होता, फक्त त्याला ते कोणी सांगत नव्हतं.

इंजिन फिरत नसेल तर चावी फिरवताना कोणता आवाज येतो ते नीट ऐका. त्यासाठी सेल्फच्या पोटात काय चालतं हे माहीत पाहिजे. चावीतून जाणारा करंट अगदी थोडा असतो. तो सेल्फच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडला, म्हणजे एका चुंबकाच्या कॉइलला जातो. त्या कॉइलने आतला लोखंडी दांडा खेचला की एका झटक्यात दोन कामं होतात. सेल्फचं छोटं गिअर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनला जोडलेल्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत जाऊन बसतं, आणि दोन जाड तांब्याचे संपर्क एकमेकांना भिडून बॅटरीचा सगळा जोर सेल्फच्या मोटारीत उतरतो. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ हा त्या दांड्याचा.

आता आवाज वाचता येतात. ‘टकटकटकटक’ असा मशीनगनसारखा आवाज आला तर दांडा ओढला जातोय, जाड करंट वाहायला लागताच व्होल्टेज कोसळतंय, कॉइल दांडा सोडून देते, व्होल्टेज परत चढतं, पुन्हा ओढते. म्हणजे बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या वाटेत कुठेतरी सांधा सैल आहे. एकच ठाम ‘टक्’ आणि पुढे शांतता म्हणजे दांडा बसला, पण मोटारीपर्यंत जोर पोचला नाही किंवा मोटारच बसली: कार्बन झिजले, आतले तांब्याचे संपर्क जळले, नाहीतर जाड वायरीत अडथळा. ‘घुंईंई’ करून सेल्फ नुसताच फिरला आणि इंजिन ढिम्म, तर गिअर दात्यांत बसत नाही. ‘खर्रर्र’ असा दात खाल्ल्यासारखा आवाज फ्लायव्हीलच्या झिजलेल्या दात्यांचा. आणि काहीच आवाज नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज, रिले, सोलेनॉइडची निसटलेली बारीक वायर यांच्याकडे बघायचं.

मीटर नसलेल्याने हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवा मंद होत होत विझायला आला तर बॅटरीत दम नाही, किंवा बॅटरीच्या टर्मिनलवरच घाण आहे. (क्वचित इंजिन खरंच जाम असलं तरी असंच होतं.) दिवा जरासुद्धा मंद झाला नाही तर मोठा करंट सेल्फकडे निघालाच नाही, आणि बॅटरी बदलून काही उपयोग नाही. ही दहा सेकंदांची तपासणी न करता नवी बॅटरी घेणारे लोक मी दर उन्हाळ्यात बघतो.

ठिबकचा फिल्टर आणि बॅटरीची वायर

‘‘मीटर लावून बघितलं, बॅटरी 12.6 दाखवते, म्हणजे बॅटरी ओके,’’ असं सांगणारे पुष्कळ. इथेच घोळ होतो.

ज्यांची ठिबकवरची केळी आहे त्यांना हे समजवायला मला कधी वेळ लागत नाही. ठिबकच्या फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक प्रेशर गेज असतं. पुढचे सगळे व्हॉल्व बंद असताना दोन्ही गेज सारखंच दाखवतात, फिल्टर कितीही शेवाळलेला असू द्या. पाणी वाहतच नाही तर अडणार काय? व्हॉल्व उघडला की खरं कळतं. अलीकडे दोन किलो, पलीकडे एक, म्हणजे एक किलो प्रेशर फिल्टरने खाल्लं. मग आपण फिल्टर काढून धुतो, पंप बदलत नाही.

गाडीतही हेच. व्होल्टेज म्हणजे प्रेशर, करंट म्हणजे वाहणारं पाणी. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी, वायरीच्या आत काळं पडलेलं तांबं, सैल नट हे सगळे तुंबलेले फिल्टर. दिव्याला चार-पाच अँपिअर लागतात, तेवढे यातून सहज जातात, म्हणून दिवा लख्ख लागतो आणि हॉर्नही वाजतो. पण छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर मागतो आणि डिझेल जीपचा त्याच्या दुप्पटही मागतो. वाटेत 0.02 ओहमचा अडथळा असला, जो साध्या मीटरवर ओहममध्ये धड दिसतसुद्धा नाही, तरी 150 अँपिअरला तो 3 व्होल्ट खातो. बारातले तीन वाटेतच गेले.

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. गाडी मध्येच चालू होऊ नये म्हणून डिस्ट्रिब्यूटरची (एकेका प्लगला वीज वाटून देणाऱ्या डब्याची) मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायचं, आणि गिअर न्यूट्रलला. आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर: उभ्या गाडीत भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास असते, 12.2 म्हणजे अर्धी, 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा 9.6 च्या खाली जाता कामा नये. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर आणि दुसरं सेल्फच्या जाड नटावर. इथे आकडा जितका कमी तितकं बरं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर त्या वाटेत घाण आहे. शेवटी एक टोक मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या खरवडलेल्या धातूवर. इथे 0.2 च्या वर काही दिसलं तर अर्थ, म्हणजे बॅटरीकडे परतीची वाट, खराब.

खुंटीवर टोक ठेवायचं म्हणजे खुंटीवरच, तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. कित्येकदा दोष खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधल्या कागदाएवढ्या जाडीच्या थरात असतो.

त्या लग्नाच्या सकाळी बॅटरीवर उभ्याने 12.5 होते. सेल्फ मारताना 11.9. ऐकणाऱ्याला वाटेल वा, बॅटरी किती दमदार! पण सेल्फ खरोखर दीडशे अँपिअर ओढत असता तर व्होल्टेज याहून बरंच जास्त पडलं असतं. व्होल्टेज पडत नाही कारण करंट वाहतच नाही. प्लसची वाट तपासली, 0.2. मायनस खुंटी ते इंजिन: सव्वासहा व्होल्ट. निम्मा जोर परतीच्या वाटेवर संपत होता.

वीज सेल्फमध्ये जाते हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, ती परत यावी लागते हे विसरतं. त्या गाडीत बॅटरीची काळी वायर बॉडीला आवळलेली आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही, म्हणून ती पट्टी. मी गाडीखाली डोकं घालायच्या आधीच चावीवर बसलेले काका म्हणाले, ‘‘भाऊ, हे चोकचं बटण गरम कसं काय लागतंय?’’

तिथेच उत्तर मिळालं. पट्टी तुटली होती, तिचे दोन-चार केस लोंबत होते. परतीचा रस्ता बंद झाल्यावर करंटने जी वाट मिळाली ती धरली: चोकची, म्हणजे गार इंजिनला जास्त पेट्रोल देणाऱ्या बटणाची, आणि अ‍ॅक्सिलरेटरची स्टीलची केबल, कारण त्या इंजिनलाही टेकतात आणि बॉडीलाही. विळ्याच्या मुठीएवढ्या जाडीचं काम सुतळीवर आलं होतं. अजून पाच-दहा वेळा सेल्फ मारला असता तर केबलचं प्लास्टिक वितळलं असतं. जम्प केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनला लावलं, चावी फिरवली, पहिल्या आवाजात गाडी चालू. पट्टी संध्याकाळी बदलली. लग्नाला जाताना केबल तशीच बांधून, दोन्हीकडे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून गेले. ते काही आदर्श काम नव्हतं, पण मुहूर्त गाठला.

उन्हाने मरणाऱ्या बॅटऱ्या

लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. ती मरते उन्हाळ्यात, थंडीत फक्त कळतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत पाणी उडतं, पाणी प्लेटच्या खाली गेलं की उघडा पडलेला भाग वाळतो आणि कायमचा निकामी होतो. आतल्या शिशाच्या जाळ्याही भराभर गंजतात. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. मग पौषात धुळ्याचा पारा 5-6 वर उतरतो, ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी त्या सकाळी दगा देते. दोष मात्र थंडीला.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं पाणी चालतं ही अफवा आहे, त्यात क्षार उरतातच. भुकटी धुवायला गरम पाण्यात खायचा सोडा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. सोडा झाकणांतून आत जाऊ देऊ नका. टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि पाना प्लसवरून बॉडीला टेकला तर पाना तिथेच वेल्डिंग होतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बिडी ओढत वाकून बघणाऱ्या माणसाला आधी दूर करा.

गाडी नुसती उभी असताना बॅटरी उतरत असेल तर कोणीतरी चोरून पितंय. मायनसची वायर काढून वायर आणि खुंटीच्या मध्ये अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडायचा. दारं बंद, चावी काढलेली. 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की चोर सापडला. पन्नास मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. 35 अँपिअर-अवरची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी होते. जुन्या गाडीत चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेला टेप असतो, चावीला न जोडता थेट बॅटरीवर घेतलेला.

फिरतं, पण पकडत नाही

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि दाब. तिन्ही वेळच्या वेळी. शोध ठिणगीपासून सुरू करायचा, कारण ती लगेच दिसते.

एक प्लग काढा आणि आधी तो बघा, ठिणगी नंतर. सेल्फ मारून मारून थकल्यावर काढलेला प्लग ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय आणि जळत नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. निम्मी विचारपूस एका प्लगने संपते. नंतर प्लग त्याच्या टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, टोपी कोरड्या फडक्याने किंवा रबरी मुठीच्या पकडीने धरा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळट, तांबूस, रोडावलेली ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली ती उडतच नाही. प्लगचं भोक आणि सांडलेलं पेट्रोल मात्र ठिणगीपासून लांब असू द्या, या तपासणीत भुवया जाळून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

ठिणगी नसेल तर मागे मागे जायचं. कॉइल बाराचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते, तिथून डिस्ट्रिब्यूटरच्या मधल्या वायरीने टोपीत, रोटरमधून एकेका प्लगला. टोपीच्या आत केसाएवढी तडा आणि तिच्यात काजळीची रेघ असली की वीज प्लगऐवजी तिथूनच पळते. पावसाळ्यात टोपीत दमट हवा साचली तरी हेच. फडक्याने पुसून उन्हात ठेवली की गाडी चालू. अगदी जुन्या गाड्यांत पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडणारे-जोडणारे संपर्क, असतात. ते काळे पडतात, फट बदलते. बारीक पॉलिश पेपर फिरवून साधारण 0.4-0.5 मिलिमीटर फट ठेवली की काम भागतं.

एक लक्षण फार बोलकं आहे. सेल्फ चालू असेपर्यंत गाडी पकडत नाही आणि चावी सोडता सोडता ‘भुर्र’ करते. बॅटरी इतकी अशक्त असते की सेल्फ फिरताना कॉइलच्या वाट्याला आठ व्होल्टही येत नाहीत. सेल्फ सोडला की व्होल्टेज उसळतं आणि त्या क्षणी ठिणगी पडते. इंजिन फिरतं म्हणून बॅटरी ‘जवळजवळ’ निर्दोष असं मी वर म्हटलं ते यासाठी.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, तर पेट्रोलचा माग काढायचा. कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडत नसेल तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या साठ्यात, पेट्रोल नाही: फिल्टर तुंबला, पंपाचा पडदा फाटला किंवा टाकीतून येणारी नळी चिरली आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. सगळ्यात फसवं कारण टाकीच्या झाकणाचं. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की पेट्रोल कमी होत जातं तसा टाकीत पोकळपणा तयार होतो आणि पंप पेट्रोल खेचू शकत नाही. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ झालं आणि गाडी चालू झाली, तर आजार सापडला. मोटारसायकलवर याचा अनुभव जास्त येतो.

उलट प्लग ओलाचिंब, तर गाडी ओव्हर झाली. चोक ओढून ओढून पेट्रोल जास्त गेलं. मग चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंपासारखा मारायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. हवा जास्त जाते आणि पेट्रोल सुकतं.

महिनोन्‌महिने उभ्या गाडीचं दुखणं वेगळं. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर जेटच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, सुईएवढ्या भोकात बसतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर होतो, आणि कार्बोरेटरचा मुख्य जेट नेमका वाटीच्या तळालाच असतो. संशय आला तर वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा, थर डोळ्यांना दिसतो. 2000 सालाच्या आसपासच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचे पडदे इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. दोनशे-तीनशे रुपयांचे पाइप आधीच बदलून घेतलेले बरे, कारण इंजिनवर गळणारं पेट्रोल ही गाडी न चालू होण्यापेक्षा फार मोठी भानगड आहे.

गरम असताना रुसणारी गाडी

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मे महिन्यात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. सकाळी एका आवाजात चालू झालेली गाडी चहाला दहा मिनिटं थांबवली आणि परत चालू होत नाही.

चढावर इंजिन तापलेलं असतं. गाडी थांबली की पंखा आणि वारा दोन्ही थांबतात आणि बॉनेटखालचं तापमान आधी वाढतं, मग उतरतं. जुन्या कार्बोरेटर गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला. पंपात आणि नळीत पेट्रोल उकळून वाफ होते. पंप द्रव ढकलायला बनवलेला आहे, वाफ तो नुसती दाबतो आणि सोडतो. ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवून पंधरा मिनिटं सावली शोधणं हाच उपाय. इंजिनच्या तापलेल्या लोखंडावर थंड पाणी ओतू नका.

पण प्रत्येक गरम रुसवा वाफेचा नसतो. कॉइल किंवा इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तापल्यावर आतून सुटतं आणि गार झालं की जुळतं. गॅरेजला नेईपर्यंत गाडी ठणठणीत, मेकॅनिक आपल्याकडे वेड्यासारखं बघतो. याला एकच तोड आहे: गाडी रुसलेली असताना, तिथेच रस्त्याच्या कडेला, प्लग काढून ठिणगी बघायची. ठिणगी असेल तर वाफ, नसेल तर कॉइल. सेल्फसुद्धा तापल्यावर सुस्तावतो. तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो, म्हणजे 50 अंश तापलेल्या वाइंडिंगचा वीस टक्के. आधीच अर्धमेल्या सांध्यांना तेवढं पुरे होतं.

डिझेल जीप

डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नाही. हवा वीसेक पट दाबली की ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून इथे सेल्फ नुसता फिरून चालत नाही, जोरात फिरावा लागतो. सेल्फ रेंगाळला की हवा तापत नाही.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाही. ज्या इंजिनला हीटर प्लग आहेत तिथे ते बघा: प्लगच्या डोक्यावरची वायर काढून बॅटरीचा प्लस आणि प्लगचं डोकं यांच्यात टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला तर आतली तार शाबूत. धूरच नसेल तर डिझेल ते फवारणाऱ्या नोझलपर्यंत जात नाही. आधी इंजिन बंद करायची दांडी किंवा केबल ओढलेलीच राहिली नाही ना ते बघा. हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवलाय. पंपावर बंद करायचा विजेचा सोलेनॉइड असेल तर चावी दिल्यावर तिथे हलका ‘टक’ यायला हवा. आमच्याकडे कापूस आणि धान्याच्या खळ्यात उभ्या जीपची ती वायर उंदरांनी तोडलेली मला दोनदा सापडली.

बाकी राहिली एअर. टाकी एकदा कोरडी झाली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, आणि हवा दाबली जाते, ढकलली जात नाही. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार लागली की मारता मारताच स्क्रू आवळायचा. ट्रॅक्टरवाल्यांना हे झोपेतही येतं. नव्या कॉमन रेल (प्रचंड दाबाच्या एका सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत मात्र हे शहाणपण नेऊ नका. तिथला दाब इतका असतो की सैल केलेल्या नळीतली धार कातडी फोडून आत जाते.

हे सगळं बरोबर असून गाडी मुकीच असेल तर दाबच गेला. सेल्फ मारताना ‘हुं-हुं-हुं’ असा ठेका असतो, प्रत्येक सिलिंडर अडवतो म्हणून. ठेका जाऊन एकसारखा ‘सुंईई’ असा हलका आवाज झाला तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व वेळेवर उघडवणारा पट्टा) तुटला असण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा सेल्फ मारणं ताबडतोब थांबवायचं. एकच ठोका चुकत असेल तर एका सिलिंडरचं दुखणं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा दाब मोजतात. वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व. इथून पुढे काम गॅरेजचं, टोचन करून न्या.

नेताना मेकॅनिकला ‘‘बॅटरी खराब आहे, बघा’’ असं सांगू नका, मग तो बॅटरीच बघतो. शेवटची नीट कधी चालू झाली, गरम होती की गार, कोणता आवाज आला, एवढंच सांगा. आवाज सांगता येत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. मागच्या पौषात अमळनेरजवळच्या एका खेड्यातून वॉट्सअ‍ॅपवर अकरा सेकंदांचा आवाज आला. मागे कोंबडा आरवतोय, पुढे टकटकटकटक. खाली लिहिलेलं, नवा सेल्फ किती रुपयाले पडी? मी म्हटलं, दहा नंबरचा पाना घे, आधी मायनस काढ, दोन्ही टर्मिनल पॉलिश पेपरने चकचकीत घास आणि घट्ट आवळ. वीस मिनिटांनी दुसरा आवाज आला. जीपच्या घरघरीत कोंबडा ऐकूच येत नव्हता.